नर्मदा खोऱ्यातील स्वतंत्र चौकशी : मोर्स समितीचे दहा महिने

सप्टेंबर १९९१ ते जून १९९२ या काळात चार परदेशी तज्ज्ञांच्या एका पथकाने सरदार सरोवर प्रकल्पाची चौकशी केली. पथक नेमले होते जागतिक बँकेने आणि चौकशी होती तिच्याच कर्जावर उभ्या राहत असलेल्या धरणाची. काम चालू असलेल्या प्रकल्पाची तपासणी बाहेरच्या स्वतंत्र माणसांवर सोपवण्याचा प्रसंग बँकेच्या इतिहासात याआधी आला नव्हता. चौकशीचे प्रमुख ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या नावावरून ती मोर्स समिती किंवा मोर्स आयोग म्हणून ओळखली जाते. जमीन, निवारा, उपजीविका आणि स्वतःच्या पद्धतीने जगणे या गोष्टी दयेच्या नसून हक्काच्या आहेत, हे एका विकासप्रकल्पाच्या संदर्भात इतक्या तपशिलाने मांडणारे दस्तऐवज थोडे आहेत. त्यांत या समितीच्या अहवालाला वरचे स्थान द्यावे लागते.

प्रकल्पाची मुळे १९६९ साली नेमलेल्या नर्मदा पाणीतंटा लवादात आहेत. लवादाने डिसेंबर १९७९ मध्ये अंतिम निवाडा दिला. धरणाची पूर्ण उंची १३८.६८ मीटर ठरली. महाराष्ट्राच्या वाट्याला पाण्याचा किरकोळ हिस्सा आणि विजेचा २७ टक्के हिस्सा आला. याच निवाड्यात पुनर्वसनाच्या अटीही होत्या आणि त्या काळाच्या मानाने त्या उदार होत्या. ज्या कुटुंबाची पाव हिश्श्याहून अधिक जमीन बुडेल त्याला किमान दोन हेक्टर ओलिताखालची जमीन द्यायची, सज्ञान मुलगा स्वतंत्र कुटुंब धरायचा आणि पुनर्वसन झाल्याशिवाय गाव पाण्याखाली घालायचे नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. त्या वेळचा सरकारी अंदाज सुमारे ६,००० विस्थापित कुटुंबांचा होता. १९९२ पर्यंत हाच आकडा ४०,००० कुटुंबांवर गेला. तेरा वर्षांत लोकसंख्या इतकी वाढत नाही. मूळ मोजणीच नीट झाली नव्हती, हाच त्याचा अर्थ.

मे १९८५ मध्ये जागतिक बँकेने धरण आणि कालव्यांसाठी ४५ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. त्याआधी, १९८३ साली, बँकेने थेयर स्कडर या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञाला पुनर्वसनाची पाहणी करायला पाठवले होते. आफ्रिकेतील करीबा धरणाच्या विस्थापितांचा त्यांनी वर्षानुवर्षे अभ्यास केला होता. तयारी पुरेशी नाही असा त्यांचा निष्कर्ष होता, तरीही करार झाला. बँकेकडे त्या वेळी सक्तीच्या स्थलांतराबद्दलचे १९८० चे आणि आदिवासींबद्दलचे १९८२ चे धोरण लेखी होते. भारताने १९५८ साली आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेचा १०७ क्रमांकाचा करार स्वीकारला होता. विकासासाठी आदिवासींना हलवावे लागलेच, तर आधीच्या जमिनीच्या तोडीची जमीन द्यावी, असे तो करार सांगतो. आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारातही भारत १९७९ साली सामील झाला होता. त्यामुळे नवे नियम घडवायची गरज नव्हती. होते ते नियम खोऱ्यात पाळले जात आहेत का, हे पाहणारा कोणी नव्हता.

महाराष्ट्रात बुडीत क्षेत्रात ३३ गावे येत होती. ती सगळी तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातल्या अक्कलकुवा आणि अक्राणी या तालुक्यांतली, सातपुड्याच्या कुशीतली, भिल्ल आणि पावरा वस्तीची. आज हा भाग नंदुरबार जिल्ह्यात आहे. महाराष्ट्राच्या बाजूने धरणाच्या अगदी जवळचे गाव मणिबेली, म्हणून बुडिताचा पहिला तडाखा त्यालाच बसणार होता. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून मेधा पाटकर या गावांत फिरू लागल्या आणि लोक संघटित होऊ लागले. पुढे महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि गुजरात या तिन्ही राज्यांतल्या संघटना मिळून नर्मदा बचाओ आंदोलन उभे राहिले. गुजरातेत आर्च-वाहिनी या संस्थेने वेगळी वाट धरली. धरणाला विरोध न करता विस्थापितांसाठी चांगले धोरण मिळवायचे, हा तिचा मार्ग होता. भूमिहीनांना आणि सज्ञान मुलांनाही दोन हेक्टर जमीन देण्याचे जे धोरण गुजरातने १९८७ च्या अखेरीस जाहीर केले, त्यात या संस्थेचा वाटा मोठा होता.

आंदोलनाने हा प्रश्न परदेशातही नेला. २४ ऑक्टोबर १९८९ रोजी अमेरिकी काँग्रेसच्या एका उपसमितीपुढे मेधा पाटकर यांची साक्ष झाली. १९९० मध्ये जपान सरकारने जनित्रांसाठीची मदत थांबवली. त्याच वर्षी बाबा आमटे आनंदवन सोडून नर्मदाकाठी कसरावदला राहायला गेले. डिसेंबर १९९० च्या अखेरीस बडवानीच्या राजघाटावरून निघालेली संघर्षयात्रा गुजरातच्या सीमेवर फेरकुवा येथे अडवली गेली आणि तिथे सुमारे तीन आठवडे उपोषण चालले. राज्य सरकार हलले नाही, पण वॉशिंग्टनमध्ये हालचाल झाली. बँकेचे अध्यक्ष बार्बर कोनेबल यांनी स्वतंत्र चौकशीची तयारी दाखवली. जून १९९१ मध्ये तिच्या अटी ठरल्या.

मोर्स हे अमेरिकी काँग्रेसचे माजी सदस्य. १९७६ ते १९८६ ही दहा वर्षे त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे प्रमुखपद सांभाळले होते. विकासाच्या कामाला विरोध करणारा माणूस अशी त्यांची ख्याती मुळीच नव्हती. उपाध्यक्ष टॉमस बर्जर हे कॅनडातील ब्रिटिश कोलंबियाच्या सर्वोच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश. १९७४ ते १९७७ या काळात त्यांनी मॅकेंझी खोऱ्यातील वायुवाहिनीची चौकशी केली होती. तिच्यासाठी ते उत्तरेकडच्या दूरदूरच्या वस्त्यांत गेले, तिथल्या मूळ रहिवाशांची साक्ष त्यांच्याच भाषांत घेतली आणि त्यांचे जमिनीवरचे दावे मिटेपर्यंत दहा वर्षे वाहिनी टाकू नये, अशी शिफारस केली. त्यांच्यासोबत मानववंशशास्त्रज्ञ ह्यू ब्रॉडी आणि पर्यावरणाची बाजू पाहणारे अभियंता डॉन गॅम्बल होते.

समितीची खरी ताकद तिच्या नेमणुकीच्या अटींत होती. पुनर्वसन आणि पर्यावरणरक्षणाची कामे कशी चालली आहेत एवढेच तिने पाहायचे होते. धरण हवे की नको हा प्रश्न तिच्या कक्षेत नव्हता. पण या कक्षेत तिला पूर्ण मोकळीक होती. बँकेच्या सगळ्या फायली तिच्यासाठी खुल्या होत्या. खर्चाची रक्कम आधीच ठरलेली होती. अहवालाच्या मसुद्यात बदल करण्याचा अधिकार बँकेला नव्हता आणि तो प्रसिद्ध होणार हे पहिल्यापासून नक्की होते. अखेर तो बँकेच्या छापखान्यातून न येता कॅनडातील ओटावा येथून पुस्तकरूपाने निघाला. चौकशीसमित्यांचे अहवाल कपाटात कसे राहतात हे ठाऊक असलेल्या भारतीय वाचकाला या अटींचे मोल वेगळे सांगायला नको.

पथकाने तिन्ही राज्यांतली बुडीत गावे, नव्या वसाहती, कालव्याचा प्रदेश, धरणाखालचा नदीकाठ, कच्छ आणि सौराष्ट्र असा सगळा मुलूख पाहिला. राज्य सरकारे, नर्मदा नियंत्रण प्राधिकरण, आंदोलन आणि आर्च-वाहिनी या सगळ्यांची बाजू ऐकली. डोंगरातल्या गावांपर्यंत रस्ते नव्हते, त्यामुळे काही ठिकाणी नावेने आणि पायी जावे लागले. मार्च १९९२ मध्ये मणिबेलीत पोलीस बंदोबस्तात घरे हलवण्याची कारवाई झाली. ती झाली तेव्हा ही चौकशी चालूच होती.

महाराष्ट्रातल्या गावांपुरते सांगायचे तर सगळा प्रश्न जमिनीच्या नोंदीवर येऊन थांबत होता. अक्राणीतली कित्येक गावे वनगावे होती आणि तिथे जमिनीची मोजणीच झालेली नव्हती. सरकारी कागद आणि शेतातली वहिवाट यांचा मेळ बसत नव्हता. एखाद्या पाड्यावर आजोबाच्या नावे चार-पाच एकर लागलेले असत. प्रत्यक्षात त्याचे चार मुलगे वेगळ्या चुली मांडून नदीकाठची गाळाची जमीन आणि डोंगरउतारावरची जंगलजमीन कसत असत. त्या उतारावरच्या जमिनीला गावात नेवाड म्हणत. महसूल आणि वनखाते तिलाच अतिक्रमण म्हणत. सातबारा नाही म्हणजे जमीन नाही, असा हिशेब धरला की पिढ्यानपिढ्या शेती करणारा माणूस भूमिहीन ठरे. महाराष्ट्राने अशा भूमिहीनांना आणि सज्ञान मुलांना एक एकर देऊ केली होती. मोहाची फुले, चारोळी, डिंक, नदीतले मासे, गुरांना चराई, घराला लागणारे साग आणि बांबू यांचा तर कुठल्याच रकान्यात हिशेब नव्हता, आणि वर्षातले कितीतरी महिने घर याच गोष्टींवर चालत असे.

समितीने नेमके या रकान्याबाहेरच्या जगण्याकडे लक्ष वेधले. अतिक्रमणदार ठरवल्या गेलेल्या लोकांना भूमिहीन मानणे हे १०७ क्रमांकाच्या कराराच्या आणि बँकेच्या स्वतःच्या आदिवासी धोरणाच्या विरुद्ध आहे, असे तिने म्हटले. पारंपरिक वहिवाट हाही हक्कच आहे, हा तिचा मुख्य मुद्दा होता. त्याच मोजमापाने पाहता पर्यायी जमीन शोधण्याचे महाराष्ट्राचे काम तोकडे ठरत होते. तळोदा तालुक्यातील सुमारे २,७०० हेक्टर जंगल १९९० मध्ये पुनर्वसनासाठी मोकळे करण्यात आले होते. पण त्यातल्या काही जमिनीवर दुसरे आदिवासी आधीपासून शेती करत होते. एका गरिबाचे पुनर्वसन करताना दुसऱ्याला उठवायची वेळ येत होती. गुजरातचे धोरण तिन्ही राज्यांत सर्वांत चांगले आहे हेही समितीने मोकळेपणाने नोंदवले. मात्र मध्य प्रदेशातून आणि महाराष्ट्रातून येणाऱ्या सगळ्यांना पुरेल इतकी जमीन गुजरातेत मिळेल, हे तिला पटले नाही.

दुसरा मोठा भाग न मोजलेल्या माणसांचा होता. बुडीत क्षेत्रात २४५ गावांमधले किमान एक लाख लोक येत होते. त्याशिवाय कालव्यांमुळे सुमारे १,४०,००० शेतकऱ्यांना झळ बसणार होती आणि त्यांना प्रकल्पग्रस्त धरलेच नव्हते. धरणाखालच्या पट्ट्यात मासेमारीवर जगणारी हजारो कुटुंबे होती. त्यांचे काय होईल याचा अभ्यास नव्हता. केवडिया येथील प्रकल्पाच्या कर्मचारी-वसाहतीसाठी १९६१ सालापासून ज्यांच्या जमिनी गेल्या, ती सहा गावेही विस्थापितांच्या यादीबाहेर होती. पर्यावरणाचा कृती आराखडा कर्जाच्या करारानुसार १९८५ अखेर तयार व्हायचा होता. मुदत वाढवून १९८९ झाली, तरी १९९२ मध्येही तो पुरा झाला नव्हता. कालव्यांच्या प्रदेशात हिवताप पसरण्याचा धोका, वरच्या बाजूच्या नर्मदासागर धरणाशिवाय पाण्याचा हिशेब न जुळणे, कच्छ-सौराष्ट्राच्या पिण्याच्या पाण्याची योजना अजून कागदावरही नीट नसणे, अशा गोष्टी अहवालात एकामागून एक येतात. यांतला शेवटचा मुद्दा विशेष बोचरा होता, कारण तहानलेल्या गुजरातला पाणी हेच प्रकल्पाचे सर्वांत मोठे नैतिक समर्थन होते.

१८ जून १९९२ रोजी अहवाल बाहेर आला. रिओची वसुंधरा परिषद संपून तेव्हा चारच दिवस झाले होते. प्रकल्प आहे त्या स्वरूपात सदोष आहे, प्रचलित परिस्थितीत सर्व विस्थापितांचे पुनर्वसन शक्य नाही आणि या अवस्थेची जबाबदारी कर्जदाराइतकीच बँकेचीही आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. बँकेने मागे सरकावे आणि सगळ्याचा नव्याने विचार करावा, असा सल्ला समितीने दिला. नेमणूक करणाऱ्या संस्थेलाच दोषी धरणारे हे वाक्य समितीने अहवालाच्या सुरुवातीच्या पत्रातच घातले होते.

गुजरात सरकारने अहवाल फेटाळला. आर्च-वाहिनीनेही त्यावर कडक टीका केली. गुजरातेत नव्या वसाहतींत बसलेल्या कुटुंबांचे बरे चालले आहे आणि बाहेरून आलेल्या पथकाने त्याला पुरेसे महत्त्व दिले नाही, असे तिचे म्हणणे होते. खोऱ्यात वर्षानुवर्षे राबलेल्या कार्यकर्त्यांची ही तक्रार होती, म्हणून ती नोंदवली पाहिजे. परंतु बसलेल्या वसाहतींच्या यशावरून अजून न हललेल्या हजारो कुटुंबांची हमी मिळत नाही, आणि समितीचा प्रश्न या न हललेल्यांबद्दल होता.

बँकेच्या व्यवस्थापनाने सप्टेंबरमध्ये पुढील वाटचालीचा आराखडा संचालक मंडळापुढे ठेवला. अडचणी आहेत, पण काम चालू ठेवून त्या सोडवता येतील, असा त्याचा सूर होता. त्यात अहवालाचा आशय बदलून मांडला गेला होता. तेव्हा मोर्स आणि बर्जर यांनी जे केले ते अशा तज्ज्ञांच्या इतिहासात लक्षात ठेवण्यासारखे आहे. काम संपले, आता निर्णय मालकाचा, असे म्हणून ते बाजूला झाले नाहीत. १३ ऑक्टोबर १९९२ रोजी त्यांनी बँकेचे नवे अध्यक्ष लुईस प्रेस्टन यांना पत्र लिहिले. व्यवस्थापन आमच्या निष्कर्षांचा विपर्यास करत आहे आणि संचालकांना हे कळले पाहिजे, असा त्या पत्राचा आशय होता. दहा दिवसांनी, २३ ऑक्टोबरला, संचालक मंडळात मतदान झाले. अमेरिका, जपान, जर्मनी, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि उत्तर युरोपीय देशांच्या संचालकांनी कर्ज पुढे चालू ठेवायला विरोध केला. त्यांची मते ४२ टक्क्यांच्या आसपास होती. बहुमताने कर्ज टिकले, पण सहा महिन्यांत पुनर्वसनाचे ठरावीक टप्पे गाठण्याच्या अटीवर.

हे टप्पे गाठले जाणार नाहीत हे मार्च १९९३ पर्यंत दिसू लागले. मुदत संपता संपता, ३० मार्च रोजी, भारत सरकारने उरलेले १७ कोटी डॉलर आपल्याला नकोत असे बँकेला कळवले. बँकेने कर्ज थांबवण्याची नामुष्की अशा रीतीने दोन्ही बाजूंनी टळली. धरण मात्र थांबले नाही. राज्यांच्या आणि केंद्राच्या पैशावर काम चालू राहिले. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात मणिबेलीतली घरे पाण्याखाली गेली.

देशातही नव्याने तपासणी सुरू झाली. ऑगस्ट १९९३ मध्ये केंद्र सरकारने नियोजन मंडळाचे सदस्य जयंत पाटील यांच्या अध्यक्षतेखाली पाच जणांचा गट नेमला. त्यात वसंत गोवारीकर, रामस्वामी अय्यर, एल. सी. जैन आणि व्ही. सी. कुलंदैस्वामी होते. १९९४ मध्ये आंदोलन सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९९५ पासून काही वर्षे धरणाची उंची वाढवण्याचे काम थांबले. १८ ऑक्टोबर २००० रोजी निकाल लागला. दोन विरुद्ध एक अशा बहुमताने न्यायालयाने टप्प्याटप्प्याने बांधकामाला परवानगी दिली. मोर्स समितीच्या अहवालावर आपण विसंबणार नाही, असे बहुमताच्या निकालात स्पष्ट म्हटले आहे, कारण सरकारने तो अहवाल स्वीकारलाच नव्हता. न्यायमूर्ती एस. पी. भरुचा यांनी वेगळे मत दिले; १९८७ सालची पर्यावरण मंजुरी पुरेशा अभ्यासाविना दिली गेली, हा त्यांच्या निकालाचा आधार होता. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या शब्दाला कायद्याचे बळ नसते, हे या निकालाने ठळकपणे दिसले.

या अहवालाचा टिकाऊ परिणाम खोऱ्याच्या बाहेर झाला. आपले नियम आपलेच कर्मचारी मोडतात आणि ते वरपर्यंत कळत नाही, हे सरदार सरोवरामुळे बँकेच्या सभासद देशांना उमगले होते. २२ सप्टेंबर १९९३ रोजी संचालक मंडळाने तीन सदस्यांचे कायमचे तपासणी मंडळ स्थापन केले. बँकेच्या व्यवस्थापनापासून ते वेगळे असते आणि थेट संचालकांना अहवाल देते. बँकेच्या प्रकल्पामुळे नुकसान झालेले दोन जणही आपल्या सरकारला वगळून त्याच्याकडे तक्रार करू शकतात. मंडळाकडे आलेली पहिली तक्रार नेपाळच्या अरुण-३ जलविद्युत प्रकल्पाबद्दल होती. ऑगस्ट १९९५ मध्ये बँक त्या प्रकल्पातून बाहेर पडली. पुढे इतर विकास बँकांनीही अशी व्यवस्था उभारली. दरम्यान १९९४ मध्ये मोठ्या धरणांना बँकेने पैसा देऊ नये अशी मागणी करणारा जाहीरनामा ४४ देशांतल्या ३२६ संघटनांनी काढला आणि त्याला मणिबेलीचे नाव दिले. १९९८ मध्ये नेमलेल्या जागतिक धरण आयोगात मेधा पाटकर आणि थेयर स्कडर एकाच टेबलाभोवती बसले.

याच तपासणी मंडळाचा उपयोग पुढे मुंबईकरांनी केला. २००२ साली बँकेने मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाला कर्ज दिले. रेल्वेरुळांलगतच्या झोपड्या आणि रस्तारुंदीकरणात येणारी घरे-दुकाने मिळून सुमारे १,२०,००० लोक हलवायचे होते. सुरुवातीचा अंदाज यापेक्षा बराच कमी होता. सरदार सरोवरासारखेच इथेही मोजणीत माणसे निसटली होती. २००४ मध्ये जोगेश्वरी-विक्रोळी आणि सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्त्यांवरच्या रहिवाशांनी आणि दुकानदारांनी मंडळाकडे तक्रारी केल्या. पूर्वीचे दुकान कितीही मोठे असो, पर्यायी जागा २२५ चौरस फुटांपुरतीच मिळत होती, आणि ती गिऱ्हाईक तुटेल इतक्या लांब होती. मंडळाने डिसेंबर २००५ मध्ये दिलेल्या अहवालात मोजणी, मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतीची अवस्था आणि तक्रारनिवारणातल्या त्रुटी दाखवल्या. मार्च २००६ मध्ये बँकेने रस्ते आणि पुनर्वसन या भागांचा पैसा थांबवला. राज्य सरकारने दुकानदारांशी बोलणी सुरू केली, पुनर्वसनाच्या कामात दुरुस्त्या मान्य केल्या आणि जूनच्या अखेरीस पैसा पुन्हा सुरू झाला.